आगरातली संध्याकाळ

शहरातल्या माणसापुढे 'बाग' हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे हिरवळ, सिमेंटची बाके, बंद पडलेले कारंजे आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी उभी राहते. घरची बाग म्हणाल तर गॅलरीतल्या चार कुंड्या. त्यांतली एक तुळशीची आणि उरलेल्या तीन वाळलेल्या. कोकणातल्या माणसाशी बोलताना मात्र हा शब्द जरा जपूनच वापरावा. त्याच्या घरामागे जे असते त्याला तो बाग म्हणत नाही. देशावर ज्याला परस म्हणतात आणि तळकोकणात परडे, त्याचाच रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा थोरला भाऊ म्हणजे आगर. मिठाचेही आगर असते आणि माडा-पोफळींचेही. दोन्हींत मेहनत सारखीच, आणि दोन्हींचा मालक आभाळाकडे सारखाच बघत असतो. एक पाऊस लवकर येऊ नये म्हणून, दुसरा तो वेळेवर यावा म्हणून.

अशा एका आगराचे फोटो काढायला २०२४च्या मे महिन्यात मी दिवेआगरला गेलो होतो. आगर हा शब्द ज्याने आपल्या नावातच बांधून घेतला आहे, असे हे श्रीवर्धन तालुक्यातले गाव. मराठी शिकवणाऱ्याला ते तसे परके नाही. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा ताम्रपट इथला. मराठीच्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. याच जिल्ह्यातल्या आक्षीचा शिलालेख आणि दिवेआगरचा ताम्रपट ही जोडी मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, मुले ती दरवर्षी वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षेत दोघांचे सन दरवर्षी एकमेकांना देऊन टाकतात. पण इतकी वर्षे ज्या गावाचे नाव खडूने लिहिले, त्या गावाची वाळू पायाला लागली नव्हती ती नव्हतीच.

पुण्याहून निघालात तर ताम्हिणीचा घाट उतरून माणगाव, तिथून म्हसळा, बोर्ली पंचतन आणि मग दिवेआगर. रेल्वेने येणाऱ्याला कोकण रेल्वेचे माणगाव स्टेशन सोयीचे. बोर्लीपर्यंत रस्ता डोंगरांतून वळत येतो. बोर्ली सोडली की एकदम सपाटी लागते, हवा जड होते, अंगाला किंचित चिकट लागू लागते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोफळी दाटीवाटीने उभ्या राहतात. बहुतेक प्रवासी इथे येतात ते लांबलचक पुळणीसाठी आणि गणपतीसाठी. १९९७ साली इथे जमिनीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ साली तो चोरीला गेला आणि २०२१ साली नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची देखणी मूर्तीही पुष्कळांनी पाहिलेली असते. पण देऊळ आणि समुद्र यांच्यामध्ये जे गाव आहे, ते मोटारीच्या काचेतून नुसते हिरवे दिसते आणि मागे पडते.

या हिरव्यात शिरायचे तर कोणाचे तरी बेडे ओलांडावे लागते. मी ओलांडले ते आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या घराचे. घरात त्यांच्या मातोश्री आणि एक गडी, एवढीच वस्ती. मातोश्रींना सारे गाव 'माई' म्हणते, म्हणून मीही माईच म्हणालो. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज खणखणीत, आणि पाहुण्याने चहाला नाही म्हणणे हा त्यांच्या लेखी आजार. माझ्या हातातला कॅमेरा आणि काखेतला ट्रायपॉड पाहून त्या म्हणाल्या,

"या मास्तर. ही तिवई कशाला आणलीत? आमच्याकडे बसायला पाट आहेत."

मी कशासाठी आलो होतो ते सांगायला हवे. माईंना चार मुले. एक पुण्याला, एक नाशिकला, एक मुलगी डोंबिवलीला आणि धाकटा परदेशात. आगर सव्वा एकराचे. त्याला गिऱ्हाईक आले होते. समुद्राजवळची जागा, पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, आणि सांगितलेली किंमत ऐकून चारही भावंडांना रात्री नीट झोप लागेनाशी झाली होती. गणपतीत सगळे जमून काय ते ठरवणार होते. ठरवण्यापूर्वी आगर आज कसे आहे ते सर्वांनी नीट पाहावे, म्हणून फोटो हवे होते. धाकट्याने तर चार वर्षांत गावच पाहिले नव्हते. माझ्या सहकाऱ्याला माझा हा छंद माहीत. त्याने गळ घातली आणि मी सुटीत निघालो. हे सगळे माईंनाही ठाऊक होते. त्या त्याविषयी पहिल्या दिवशी चकार शब्द बोलल्या नाहीत.

आधी आगर कसे असते ते पाहू. रस्त्याकडे बेडे, मग शेणाने सारवलेले अंगण आणि तुळशीवृंदावन, मग ओटी, माजघर, मागची पडवी. घर जांभ्या दगडाचे. पडवीच्या पायरीवरून उतरले की न्हाणीघर आणि विहीर, आणि तिथून जे सुरू होते ते थेट समुद्राच्या बाजूच्या केवड्याच्या बनापर्यंत. बनापलीकडे सुरूची रांग, त्यापलीकडे पुळण. न्हाणीचे पाणी वाया जात नाही; ते एका चरातून अळूला जाते, अळूतून कर्दळीला आणि उरलेसुरले केळींना. घरातली माणसे किती आणि ती अंघोळीला पाणी किती घेतात, हे अळूच्या पानांच्या रुंदीवरून सांगता येते असे माई म्हणतात. चार मुले घरी होती तेव्हा पान सुपाएवढे होत असे.

आगर हे चार मजली घर आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर माड. त्याखाली पोफळी, सरळ, सडसडीत, एका ओळीत उभ्या असलेल्या शाळकरी पोरींसारख्या. तिसऱ्या मजल्यावर जायफळ, केळी, एखादा रातांब्याचा वृक्ष. तळमजल्यावर हळद, आले, अळू, अननस. आणि या मजल्यांना जोडणारे जिने म्हणजे वेली: पोफळीच्या खोडाला धरून मिरवेल वर गेलेली, दुसरीकडे खायच्या पानांचा वेल. वरच्याने ऊन घ्यायचे ते आपल्या गरजेपुरते, उरलेले खालच्याला गाळून द्यायचे. तळाच्या हळदीपर्यंत पोचेपर्यंत त्या उन्हाचे कवडसे झालेले असतात. एका गुंठ्यात इतकी बिऱ्हाडे भांडण न करता नांदताना मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. आमच्या सोसायटीत तर नाहीतच.

आता छायाचित्रकाराची अडचण याच कवडशांपासून सुरू होते. माणसाचा डोळा मोठा समजूतदार असतो. उजेडातला कवडसा आणि शेजारचा काळोख, दोन्ही तो एकाच वेळी सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते साधत नाही. कवडशाला धरून उजेडाचे माप घ्यावे तर बाकीचे आगर डांबरासारखे काळे होते. सावलीला धरून घ्यावे तर कवडशांचे पांढरे डाग पडतात, जणू कोणी चुना शिंपडला आहे. त्यातून मे महिन्याची दुपार. दिवेआगरच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. अंगणात उभे राहिले तर आपली सावली आपल्याच पायाखाली दडते. तुळशीवृंदावनाला त्या क्षणी सावली म्हणून उरत नाही. अशा उन्हात वस्तूला गोलाई नसते, पानाला पोत नसतो, माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन खोबण्या दिसतात. दुपारी बाराला कॅमेरा म्यानात ठेवून आमरस-पुरी खावी आणि पडवीत आडवे व्हावे, हेच शास्त्र आहे. मी शास्त्राला सोडून वागलो नाही.

साडेचारला माईंनी हाक मारली. "उठा मास्तर, शिंपण सुरू होते आहे."

आगराला शिंपण म्हणजे घराला स्वयंपाक. ऑक्टोबर सरला की सुरू होते ते पाऊस पडेपर्यंत चालते. पूर्वी विहिरीवर रहाट होता. त्याची कुरकुर साऱ्या गल्लीला ऐकू जायची, आणि एखाद्या घरचा रहाट वेळेवर वाजला नाही तर शेजारीण चौकशीला यायची की बरे आहे ना सगळे. आता बटन दाबले की पंप चालतो आणि चौकशीला कोणी येत नाही. पण पाणी अजून पाटानेच जाते. गडी खोऱ्याने एका आळ्याचे तोंड उघडतो, भरले की मातीने बुजवतो आणि पुढचे उघडतो. पाणी तापलेल्या मातीत शिरले की जो वास येतो, तो कॅमेऱ्यात येत नाही याची हळहळ मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली आणि अजून वाटते.

साडेपाचनंतर उजेड बदलू लागला. सूर्य जसा खाली येतो तशी त्याच्या किरणांना हवेतून लांबची वाट काढावी लागते. त्या वाटेत निळा रंग इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्यापर्यंत तांबडा-पिवळाच तेवढा पोचतो. शिवाय किरण वरून न येता बाजूने येतात. दिवसभर जो उजेड माडांच्या शेंड्यांवरच अडून राहिला होता, तो आता खोडांच्या ओळींमधून आडवा आत आला. पोफळीच्या खोडावरची एकेक कडी उठून दिसू लागली. खायच्या पानाच्या वेलामागे सूर्य आला, तेव्हा प्रत्येक पान आतून दिवा लावल्यासारखे झाले आणि त्यातल्या शिरा मोजता येऊ लागल्या. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मे महिन्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही. जवळजवळ वीस अंश उत्तरेला सरकलेला असतो. त्यामुळे खोडांच्या रांगांत तो तिरपा शिरतो आणि सावल्या जमिनीवर कर्णरेषेने पडतात. हिवाळ्यात याच रांगांवर दुसऱ्या बाजूने तिरपा येतो. म्हणजे त्याच आगराचे त्याच जागेवरून काढलेले मेमधले आणि डिसेंबरातले चित्र दोन वेगळ्या बागांचे वाटावे. घड्याळाऐवजी आगराकडे पाहून महिना सांगणारी माणसे पूर्वी होती म्हणतात, त्यांत नवल काही नाही.

मी फोटो काढत सुटलो. विहिरीचा काठ, पाटातले चमकते पाणी, रातांब्याच्या फांदीवरचे लाल फळ, सुपात वाळत घातलेली आमसुले, न्हाणीच्या भिंतीशी त्याच वेळी उमललेली गुलबक्षी. आगराच्या पश्चिम टोकाला तर फारच सुंदर देखावा होता. तिथे झाडी एकदम विरळ झाली होती आणि त्या मोकळ्या जागेतून उन्हाचा एक सोनेरी पट्टा आत घुसून थेट केळींवर पडला होता. असा उजेड नशिबाने मिळतो. मी ट्रायपॉड रोवला.

माई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. थोडा वेळ त्यांनी पाहिले आणि मग म्हणाल्या, "मास्तर, हे ऊन जिथून येते आहे ना, तिथे आमचे अकरा माड होते."

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा, आणि तोही टाळेबंदीच्या दिवसांत. मुले शहरांत अडकलेली, गावात म्हातारी माणसे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आणि खालच्या अंगाला मंडणगड, दापोली इथल्या बागा त्या एका दुपारी आडव्या झाल्या. माई गड्याबरोबर माजघरात बसून होत्या. कौले उडाली त्याचे त्यांना फारसे वाटले नाही, कौले मिळतात. पण मागे एकेक माड कोसळत होता त्याचा आवाज त्या मोजत होत्या. "माड पडताना आधी करकरतो, मग जमीन हादरते. पोफळ मोडते ती मात्र काडीसारखी; तिचा आवाजसुद्धा येत नाही." संध्याकाळी दार उघडले तेव्हा पडवीतून समुद्र दिसला. त्या घरात सून म्हणून आल्यापासून पडवीतून समुद्र कधी दिसला नव्हता. शहरातला माणूस ज्याच्यासाठी जादा पैसे मोजतो, तो 'सी व्ह्यू' माईंना असा फुकट मिळाला.

पुढचे त्यांनी सांगितले ते मी त्यांच्याच क्रमाने सांगतो. पोफळ ही सावलीत वाढणारी जात. वरचे छप्पर गेले की जी झाडे वादळातून वाचली त्यांच्यावर दुसरे संकट येते, ते उन्हाचे. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारचे नैर्ऋत्येकडचे ऊन उघड्या खोडावर सतत पडू लागते. त्या बाजूची साल भाजते, पिवळी पडते, मग तडकते, आणि दोनतीन वर्षांत एखाद्या वाऱ्याला झाड त्याच ठिकाणी मोडते. म्हणून त्यांनी वाचलेल्या पोफळींच्या खोडांना त्या बाजूने सुक्या झावळ्या बांधल्या, आणि मोकळ्या जागेत आधी केळी लावल्या. केळ ही पोफळीची दाई. ती वर्षभरात वाढते, सावली धरते, आणि तिच्या आडोशाला पोफळीचे रोप जगते.

रोपे त्यांनी स्वतःच केली. जुन्या, भरपूर धरणाऱ्या झाडांची पक्की फळे निवडायची, सालासकट, देठाचे टोक वर करून वाफ्यात लावायची. दीड-दोन महिन्यांनी कोंब येतो. वर्ष-सव्वा वर्ष रोप वाढवून मग पावसाळ्यात नऊ-नऊ फुटांवर लावायचे. त्यापुढे पाच ते सात वर्षे पाणी घालायचे आणि वाट पाहायची. तेव्हा कुठे पहिला पोय फुटतो. श्रीवर्धनला कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथून रोपे मिळतात. पण माईंना आपल्याच आगरातला वाण हवा होता. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात मान आहे आणि तो मान आपल्या सासूबाईंनी जपला, एवढेच त्यांचे म्हणणे. रोपे २०२१च्या पावसात लागली. मी गेलो तेव्हा त्यांना तीन वर्षे होत आली होती.

"म्हणजे मास्तर, तुम्ही ज्या उन्हाचा फोटो काढता आहात ते ऊन मला नको आहे. मी चार वर्षे ते बुजवते आहे."

मी कॅमेऱ्यातून डोके बाहेर काढले. तोच सोनेरी पट्टा केळीच्या पानावर होता, आणि केळीच्या पानाखाली, मी आधी नुसती पाने म्हणून पाहिलेली, हिरवीगार रोपे ओळीने उभी होती. गुडघ्याच्या वर, कुठे कमरेइतकी. ज्याला सौंदर्य हवे त्याला ते भगदाड उपयोगी होते, आणि ज्याला आगर हवे त्याला ते बुजायला हवे होते. दोघेही एकाच जागी उभे राहून एकाच उजेडाकडे पाहत होते.

मग माईंनी मला काय काढायचे ते सांगायला सुरुवात केली. त्याआधी घरात नेऊन त्यांनी एक जुना अल्बम दाखवला. सारे फोटो लग्नांचे, मुंजींचे, बारशांचे. एक चौकोनी, काळा-पांढरा, साध्या क्लिक कॅमेऱ्याने काढलेला. सासूबाई रहाटाजवळ उभ्या, कडेवर माझा सहकारी. "वादळानंतर पंचनाम्याला माणसे आली. विचारले, किती झाडे होती? मला तोंडपाठ होती, सांगितली. मग म्हणाले, काही फोटो आहे का आधीचा? शोधशोध शोधले. घरातल्या एकूण एक माणसाचा फोटो आहे, आगराचा एकही नाही. ज्याने पोसले त्याचा फोटो कोणी काढला नाही. हा एक सापडला. ह्यात मागे तीन माड दिसतात. तेवढेच."

आपल्या सगळ्यांच्या घरी असेच असते. जुन्या अल्बममध्ये माणसे पुढे आणि घर, विहीर, आंबा, गोठा ही मागे, तीही अर्धी कापलेली, अंधुक. काळ गेल्यावर पुढच्या माणसांची नावे सांगणारे कोणी ना कोणी निघते. मागच्या झाडाचे नाव सांगणारे मात्र निघत नाही.

तेव्हा सूर्य बुडेपर्यंतच्या तासाभरात आम्ही आगराचे फोटो काढले, माईंच्या यादीप्रमाणे. प्रत्येक रांग एका टोकाकडून. नव्या रोपांची प्रत्येक ओळ, शेजारी गडी खोरे धरून उभा, म्हणजे रोपाची उंची कळावी. भाजलेले खोड आणि बांधलेली झावळी. तुटलेल्या माडाचा बुंधा, त्यावर आता मिरवेल चढली आहे. विहिरीतले मेमधले पाणी, म्हणजे कडेच्या कोणत्या चिऱ्यापर्यंत आहे ते. चांगल्या छायाचित्राच्या व्याख्येत यातले एकही बसत नव्हते. पण मला कबूल केले पाहिजे की त्या तासाभरात मी आगर जितके नीट पाहिले तितके आधीच्या दोन तासांत पाहिले नव्हते. सुंदर तेवढे शोधणारा डोळा पुष्कळ गोष्टींवरून घसरून जातो. मोजणारा डोळा घसरत नाही.

सातच्या सुमाराला सूर्य सुरूच्या रांगेमागे गेला. आपल्याकडची तिन्हीसांज फार थोडा वेळ टिकते. वीस-पंचवीस मिनिटांत काम आटोपावे लागते. मात्र ही पंचवीस मिनिटे आगरासाठी सर्वांत चांगली. कवडसे नाहीसे होतात, उजेड सगळीकडे सारखा, मऊ, किंचित निळसर होतो, आणि जे हिरवे दिवसभर एकच वाटत होते ते वेगवेगळे होते: माडाचे पिवळट, जायफळाचे काळपट, केळीचे पोपटी, अळूचे धुरकट. उजेड कमी झाल्यामुळे कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत उघडा ठेवावा लागतो. हातात धरून तो स्थिर राहत नाही, आणि वारा असला तर पानेही हलून जातात. त्या दिवशी वारा पडला. माईंची तिवई अखेर उपयोगी आली. दयाळ पक्षी शेवटचे गाऊन गप्प झाला, मोगऱ्याच्या कळ्या फुटल्या आणि समुद्राचा आवाज, दिवसभर कुठे दडला होता कोण जाणे, जवळ येऊन बसला. घरात दिवा लागला. माई तुळशीपुढे निरांजन ठेवायला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "माझा काढू नका हो. माझे पुष्कळ आहेत."

रात्री जेवताना मात्र त्या विक्रीविषयी बोलल्या. मुलांना दोष द्यायला त्या तयार नव्हत्या. "मजूर मिळत नाही, नारळ पाडणारा माणूस आठ आठ दिवस येत नाही, वानर कोवळे नारळ टाकतात, वीज जाते तेव्हा पंप बंद. मुलांनी हे कोणत्या हौसेने करायचे? विकायचे तर विकावे. पण काय विकतो ते त्यांना ठाऊक असावे. त्यांना वाटते वादळात आगर गेले. ते गेले नाही. ते लहान झाले आहे, एवढेच."

पुण्याला आल्यावर मी सारे फोटो छापून घेतले. चाळीस-एक होते. भावंडांना फोनवर पाठवलेच, पण माईंकडे कागदावरचेच पाठवले. पंधरा दिवसांनी ते माझ्या सहकाऱ्यामार्फत परत आले, गणपतीत सगळ्यांना दाखवण्यासाठी. प्रत्येक फोटोच्या मागे माईंनी पेन्सिलीने लिहिले होते. कोणती रांग, कोणत्या झाडाचे बी, कधी लावले, किती जगली, किती मेली. एकावर नुसते लिहिले होते, 'येथे सकाळी बसावे.' ताम्रपटापासून पाठ्यपुस्तकापर्यंत मराठीचे पुष्कळ नमुने मी मुलांपुढे ठेवतो. इतक्या थोड्या शब्दांत इतके सांगणारे गद्य माझ्या वाचनात फार नाही.

गणपतीत भावंडे जमली. काय बोलणे झाले ते त्यांचे घरचे. ठरले ते एवढे, की नव्या पोफळींचा पहिला पोय फुटेपर्यंत जागा विकायची नाही. तोवर रस्त्याकडच्या दोन खोल्या नीट करून पाहुण्यांना द्यायच्या, म्हणजे गड्याचा पगार आणि पंपाचे बिल निघेल. दिवेआगरात अशी सोय पुष्कळ घरांनी केलेलीच आहे. पोय फुटायला अजून दोन-तीन वर्षे आहेत. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. जमिनीच्या किमती थांबत नाहीत आणि माणसांची वयेही थांबत नाहीत. पण निर्णय घ्यायला बसलेल्या चार माणसांपुढे नुसता आकडा नव्हता, चाळीस फोटो होते आणि त्यांच्या मागचे अक्षर ओळखीचे होते.

वाचकांपैकी पुष्कळांचे असे एखादे घर कुठेतरी असेल. कोकणात नसेल तर घाटावर असेल, आगर नसेल तर परसातले शेवग्याचे एक झाड आणि दोन सरींची मिरची असेल. पुढच्या सुटीत जाल तेव्हा फोन बरोबर असेलच. दुपारी खुशाल झोपा. साडेपाचला उठा, सूर्य बाजूला घ्या, आणि माणसांना जरा सरकायला सांगून मागचे झाड पुढे येऊ द्या. सूर्य बुडाल्यावर लगेच आत जाऊ नका. तेव्हाची पंधरा-वीस मिनिटे दवडू नयेत. फोटो छापून घ्या आणि घरातल्या सर्वांत जुन्या माणसाच्या हाती पेन्सिल द्या. यंदा माईंना मी शंकरपाळ्यांच्या डब्याबरोबर पेन्सिलींची एक पेटी पाठवली आहे. त्यांचा निरोप आला: पेन्सिली पोचल्या, केळी काढायला झाल्या, रोपे खांद्याला लागली, मेमध्ये या, आणि तिवई विसरू नका.